शरीराला आकडा देणारा अभियंता

पोटात दुखते म्हणून डॉक्टर सीटी स्कॅन करावयास सांगतात. दुखण्याचे कारण पित्ताशयातला खडा निघतो, त्यावर उपचारही ठरतात. पण अहवालाच्या तळाशी एक अनपेक्षित ओळ असते : डाव्या अधिवृक्क ग्रंथीवर दोन सेंटिमीटरची गाठ, घनता ६ एचयू. घरातल्या सगळ्यांची नजर 'गाठ' या शब्दावर खिळून राहते आणि त्या रात्री कोणाला झोप लागत नाही. पुढचा आकडा आणि ती दोन अक्षरे मात्र कोणी फारशी लक्षात घेत नाही. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ डॉक्टर अहवाल हाती घेतात, तेव्हा त्यांची नजर प्रथम त्या आकड्यावर जाते. शस्त्रक्रिया करावयाची की नाही, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांना तिथे मिळालेले असते.

एचयू म्हणजे हाऊन्सफिल्ड युनिट. न्यूटन, वॅट, व्होल्टा यांच्याप्रमाणे ज्यांचे नाव एका मोजमापाला मिळाले, अशा मोजक्या भाग्यवंतांत गॉडफ्रे न्यूबोल्ड हाऊन्सफिल्ड यांची गणना होते. सीटी स्कॅनचे जनक म्हणून त्यांना जग ओळखते. शरीराच्या आतले चित्र दाखवणारा माणूस, अशी त्यांची ओळख करून दिली जाते. ती खोटी नाही, परंतु अपुरी आहे. शरीराचे चित्र रंटगेन यांनी १८९५ मध्येच दाखवले होते. हाऊन्सफिल्ड यांनी त्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला आकडा दिला, आणि सर्जनच्या निर्णयाला आधार मिळाला तो या आकड्याचा.

२८ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या न्यूअर्क येथे त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते शेंडेफळ. वडिलांची शेती होती आणि भोवताली मैलोन्‌मैल शिवार. शेतावर वाढणाऱ्या धाकट्या मुलाकडून फारशा अपेक्षा नसतात आणि त्याच्यावर फारसा पहाराही नसतो. गॉडफ्रे यांनी या मोकळिकीचा पुरेपूर लाभ घेतला. मळणीयंत्र कसे चालते, विजेचा जनित्र कसा फिरतो, हे पाहण्यात त्यांचे दिवस जात. घरच्या घरी त्यांनी विजेवर चालणारी ध्वनिमुद्रणाची यंत्रे बनवली. गवताच्या गंजीवर चढून स्वतः तयार केलेल्या ग्लायडरसह खाली उडी घेतली. डांबराच्या पिंपात पाणी भरून ते ॲसिटिलीन वायूच्या जोरावर किती उंच उडते, याचा प्रयोग करताना तर ते जीवावरच्या संकटातून थोडक्यात बचावले. शाळेत मात्र त्यांची चमक दिसली नाही. भौतिकशास्त्र आणि गणित या दोन विषयांत थोडेफार मन रमे, एवढेच.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. ते ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले. तेथे रडारच्या तंत्राचे शिक्षण घेऊन पुढे क्रॅनवेल येथील रडार शाळेत त्यांनी शिकवण्याचे काम केले. रडार म्हणजे तरी काय? न दिसणाऱ्या वस्तूवर लहरी सोडावयाच्या आणि परत येणाऱ्या संकेतांवरून ती वस्तू कोठे आहे ते ताडावयाचे. पुढे तीस वर्षांनी त्यांनी जे केले, त्याचे बीज येथे पडले असे म्हणण्याचा मोह होतो. युद्धानंतर एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या शिफारशीमुळे त्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि लंडनच्या फॅरेडे हाऊस या विद्युत अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी पदविका घेतली. औपचारिक शिक्षण तेथेच संपले. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

१९५१ मध्ये ते ईएमआय या कंपनीत रुजू झाले. आपल्याकडे ही कंपनी ठाऊक आहे ती गाण्यांच्या तबकड्यांमुळे. पण मिडलसेक्समधील हेज येथे तिची मोठी संशोधनशाळा होती आणि तेथे रडारपासून संगणकापर्यंत अनेक विषयांवर काम चाले. हाऊन्सफिल्ड यांच्या नेतृत्वाखालील गटाने १९५८ च्या सुमारास 'एमिडेक ११००' हा संगणक उभा केला. पूर्णतः ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ब्रिटनमधील सुरुवातीच्या संगणकांपैकी तो एक होता. त्यानंतर त्यांनी संगणकाच्या स्मृतिसंचयाची एक महत्त्वाकांक्षी योजना हाती घेतली. ती व्यापारी दृष्ट्या परवडणारी नाही, असे ठरून बंद करण्यात आली. एखाद्या अन्य संस्थेत अशा अपयशानंतर माणसाला कोपऱ्यात बसवले गेले असते. येथे त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना पुढे काय करावेसे वाटते, याचा शोध त्यांनीच घ्यावा, अशी मुभा दिली.

याच काळात, १९६७ मध्ये, त्यांना ती कल्पना सुचली. लांबवर पायी भटकण्याची त्यांना आवड होती आणि चालता चालता डोके अधिक चालते, असा त्यांचा अनुभव होता. समजा एक बंद पेटी आहे. ती उघडावयाची नाही. पण तिच्या आरपार सर्व बाजूंनी किरण सोडून प्रत्येक किरण किती क्षीण झाला हे मोजले, तर आत कोठे काय आहे हे गणिताने काढता येईल काय?

वर्तमानपत्रात अंकांचे कोडे येते. चौकटीतील घरे रिकामी असतात, फक्त प्रत्येक आडव्या, उभ्या आणि तिरक्या ओळीची बेरीज दिलेली असते. पुरेशा बेरजा हाती असतील तर प्रत्येक घरातला आकडा शोधता येतो. हाऊन्सफिल्ड यांची पेटी म्हणजे असेच एक कोडे होते. फरक इतकाच, की यातली घरे हजारो आणि बेरजाही हजारो. ते सोडवण्यास माणसाचे आयुष्य अपुरे पडले असते. संगणक बनवणाऱ्या माणसाला मात्र त्यात अशक्य असे काही वाटले नाही.

या ठिकाणी साध्या क्ष-किरण चित्राची मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. त्या चित्रात शरीराची सगळी खोली एका पृष्ठभागावर चेपली जाते. पुढची बरगडी, मागचा मणका आणि मधले सारे अवयव एकावर एक पडतात. हाड उठून दिसते, फुप्फुसातली हवा दिसते. पण यकृत, मूत्रपिंड, स्नायू आणि त्यांच्यामधील गाठ यांच्यातला सूक्ष्म फरक त्या छायेत बुडून जातो. पेटीच्या आतला एकच पातळ काप घेऊन त्याच्या प्रत्येक घराची स्वतंत्र किंमत काढणे, हा त्यावरचा उपाय होता.

कल्पना कागदावर सोपी, प्रत्यक्षात वेडगळ वाटावी अशी. पहिले उपकरण एका जुन्या लेथच्या सांगाड्यावर उभे राहिले. किरणांचा स्रोत म्हणून अमेरिशियम हे किरणोत्सारी द्रव्य वापरले गेले. ते इतके मंद होते, की एका कापाची सुमारे २८ हजार मोजमापे घेण्यास नऊ दिवस लागले आणि ती सोडवण्यास मोठ्या संगणकाने अडीच तास घेतले. पुढे क्ष-किरणांची नळी बसवल्यावर नऊ दिवसांचे नऊ तास झाले. रसायनात जतन केलेला मानवी मेंदू, मग बैलाचा ताजा मेंदू, असे नमुने यंत्रावर ठेवले गेले. डुकराच्या शरीराचे मूत्रपिंडांजवळचे कापही त्यांनी तपासले आणि तेथील भाग एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात, हे पाहून त्यांचा हुरूप वाढला. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच पुढे त्यांच्या मोजमापाचा सर्वांत चोख उपयोग व्हावयाचा होता, याची त्या वेळी त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

ब्रिटनच्या आरोग्य खात्याने या कामासाठी पैसा दिला आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे डॉक्टरांशी गाठ घालून दिली. बीटल्सच्या तबकड्यांतून मिळालेल्या पैशावर सीटी स्कॅन जन्माला आला, ही गोष्ट आवडीने सांगितली जाते. पुढील काळात जुने हिशेब तपासणाऱ्यांना मात्र सरकारी तिजोरीचा वाटा कंपनीच्या वाट्यापेक्षा बराच मोठा असल्याचे आढळले. गोष्ट रंजक आहे म्हणून ती टिकली, एवढेच.

लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात हे यंत्र बसवण्यात आले. तेथील क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स ॲम्ब्रोज यांनी अभियंत्याच्या या कल्पनेवर विश्वास टाकला होता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. मेंदूच्या पुढील भागात गाठ असावी, असा संशय असलेली ती एक स्त्री होती. तिचे डोके रबरी आवरणातून पाण्याच्या पेटीत ठेवले गेले आणि नळी अंशाअंशाने तिच्याभोवती फिरली. मोजमापांची चुंबकीय फीत कंपनीच्या संगणकाकडे रवाना झाली. जे चित्र परतले, ते आजच्या मानाने फारच भरड होते. ८० गुणिले ८० घरांचे. पण त्यात मेंदूच्या डाव्या बाजूस एक काळसर गोल डाग स्पष्ट दिसत होता. सर्जनने कवटी उघडली, तेव्हा द्रवाने भरलेली गाठ नेमकी तेथेच होती. शस्त्रक्रियेपूर्वी आतले दृश्य ठाऊक असणे म्हणजे काय, याचा तो पहिला प्रत्यय होता.

१९७२ च्या एप्रिलमध्ये हे काम जाहीर झाले आणि १९७३ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नेहमीच्या क्ष-किरण पद्धतीपेक्षा ही पद्धत सुमारे शंभर पट संवेदनशील आहे, असे त्यांनी त्यात नोंदवले. या संवेदनशीलतेचे फळ म्हणजे त्यांचा आकड्यांचा पट्टा. पाण्याला शून्य ही किंमत दिली. पाण्याहून अधिक किरण अडवणारे ते धन, कमी अडवणारे ते ऋण. आज रूढ असलेल्या पट्ट्यावर हवा उणे १००० वर येते, घट्ट हाड अधिक १००० च्या आसपास किंवा त्याहून वर, चरबी उणे १०० च्या घरात आणि स्नायू साधारण ५० च्या आसपास. जगातल्या कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही शहरात, पाणी शून्यच असावयास हवे. तापमापीला जसा बर्फाचा बिंदू, तसा शरीराला हा पाण्याचा बिंदू मिळाला.

डोक्यानंतर धडाची पाळी आली. पण माणूस श्वास घेतो, आतडी हलतात. कित्येक मिनिटे चालणारी तपासणी पोटासाठी निरुपयोगी होती. हाऊन्सफिल्ड यांच्या गटाने ती वीस सेकंदांच्या आत आणली, म्हणजे रुग्णाला एक श्वास रोखून धरता येईल इतकी. १९७५ पासून संपूर्ण शरीराचे स्कॅनर प्रत्यक्ष वापरात येऊ लागले. नव्या यंत्रात आधी स्वतः जाऊन झोपणे, ही त्यांची रीत होती.

येथे आपण त्या अहवालातल्या ग्रंथीकडे येतो. अधिवृक्क, म्हणजे डॉक्टरांच्या बोलीतल्या ॲड्रिनल, ग्रंथी दोन असतात. प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली, वजनाने अवघी चार-पाच ग्रॅमची. पण शरीराचा रक्तदाब, क्षारांचा समतोल, संकटकाळी येणारे बळ, हे सारे तिच्या संप्रेरकांवर अवलंबून असते. तिच्या गाभ्यात क्वचित फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होते. ती मनाला येईल तेव्हा ॲड्रिनॅलिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये रक्तात सोडते. रुग्णाला अकस्मात दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, डोके फुटेल असे दुखते आणि रक्तदाब भलत्याच उंचीवर जातो. अशीच गाठ ग्रंथीबाहेर, महारोहिणीच्या कडेने, मूत्राशयाजवळ किंवा मानेतही होऊ शकते. तिला पॅरागँग्लिओमा म्हणतात.

अशी गाठ यशस्वीपणे काढण्याच्या पहिल्या शस्त्रक्रिया १९२६ मध्ये झाल्या. स्वित्झर्लंडमध्ये सेझार रू यांनी आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी त्या केल्या. पोट उघडेपर्यंत मेयो यांना आत कोणती गाठ आहे, याचा पत्ता नव्हता. त्यानंतरची पन्नास वर्षे सर्जन जवळजवळ अंधारातच चाचपडत होते. न्यूयॉर्कच्या जॉर्ज केहिल यांनी १९३५ मध्ये मूत्रपिंडाभोवती हवा भरून क्ष-किरण चित्र काढण्याची रीत मांडली. हवेच्या पार्श्वभूमीवर ग्रंथीची बाह्यरेषा दिसे. पण रक्तवाहिनीत हवा शिरली तर रुग्ण दगावण्याची भीती असे. रोहिणीत द्रव्य टोचून चित्रे घेण्याची पद्धत नंतर आली, तर त्या द्रव्यानेच गाठ खवळून रक्तदाब उसळी मारी. शेवटी उपाय एकच उरे. पोट आडवे किंवा उभे मोठे चिरून दोन्ही ग्रंथी आणि महारोहिणीची संपूर्ण कड हाताने चाचपून पाहावयाची. आणि ही गाठ तर हात लागताच विष ओकणारी. जो शोध घ्यावयाचा, तोच शोध रुग्णाच्या जिवावर उठावा, असा हा पेच होता.

सीटी स्कॅनने हा पेच सोडवला, आणि त्यात निसर्गाचाही हातभार लागला. अधिवृक्क ग्रंथी चरबीच्या गादीत रुतून बसलेल्या असतात. साध्या क्ष-किरण चित्रात त्या चरबीने काहीच साधत नाही. हाऊन्सफिल्ड यांच्या पट्ट्यावर मात्र चरबी उणे १०० आणि ग्रंथी शून्याच्या वर. त्यामुळे काळ्या शेतात पांढरी रेघ उमटावी तशी ती चिमुकली ग्रंथी उठून दिसते. १९७० चे दशक संपता संपता अधिवृक्काच्या गाठी शोधण्याचे मुख्य साधन म्हणून सीटी स्कॅन रूढ होऊ लागला. चाचपण्यासाठी पोट उघडण्याची गरज मागे पडली.

मग शस्त्रक्रियेचा आराखडा आधीच आखता येऊ लागला. उजव्या ग्रंथीची मुख्य शीर आखूड असते आणि थेट अधोमहाशिरेत उघडते. ती फाटली तर काही क्षणांत रक्ताचे थारोळे होते. डावीची शीर त्या मानाने लांब असून मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते. गाठ यकृताला चिकटली आहे काय, महाशिरेच्या आत तिचे शेपूट शिरले आहे काय, दुसऱ्या बाजूची ग्रंथी निरोगी आहे काय, या प्रश्नांची उत्तरे सर्जनला टेबलाशी उभे राहण्यापूर्वीच मिळू लागली. १९९२ मध्ये कॅनडातील मिशेल गान्ये यांनी दुर्बिणीतून अधिवृक्क ग्रंथी काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. छोट्या छिद्रांतून नेमक्या जागी पोहोचावयाचे, तर ती जागा आधी ठाऊक हवी. दुर्बिणीची शस्त्रक्रिया हे एका अर्थी स्कॅनचेच अपत्य आहे.

पण यंत्राने एक नवी अडचणही निर्माण केली. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये अधिवृक्काच्या गाठी सापडू लागल्या. प्रौढांच्या तपासण्यांत शेकडा काही जणांत त्या दिसतात आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढते. १९८२ मध्ये अशा योगायोगाने सापडणाऱ्या गाठींना 'इन्सिडेंटलोमा' असे नावही देण्यात आले. त्यांपैकी बहुसंख्य निरुपद्रवी असतात, काही फिओक्रोमोसायटोमा निघतात आणि अगदी थोड्या कर्करोगाच्या. सगळ्याच कापावयाच्या म्हटले तर हजारो निरोगी माणसे विनाकारण टेबलावर जातील. सगळ्याच सोडून द्यावयाच्या म्हटले तर काहींचा जीव जाईल. सुई टोचून तुकडा काढावा, तर फिओक्रोमोसायटोमाच्या बाबतीत ते प्राणघातक ठरू शकते.

येथे चित्र थिटे पडले आणि आकडा कामी आला. ग्रंथीच्या बाह्य थरातील साध्या गाठींच्या पेशींत बहुधा चरबीचे सूक्ष्म कण साठलेले असतात. चरबी म्हणजे उणे आकडा. साहजिकच अशा गाठीची घनता पाण्याजवळ खाली उतरते. फिओक्रोमोसायटोमा आणि कर्करोग यांत ही चरबी सहसा नसते, म्हणून त्यांचा आकडा चढा राहतो. १९९० च्या दशकातील अभ्यासांतून, कोणतेही द्रव्य न टोचता काढलेल्या स्कॅनमध्ये १० ही सीमारेषा पक्की होत गेली. गाठ एकसारखी असून तिची घनता १० हाऊन्सफिल्ड युनिट किंवा त्याहून कमी असेल, तर ती निरुपद्रवी समजावी आणि आकार कितीही असला तरी पुन्हा स्कॅन काढण्याची गरज नाही, असे युरोपातील तज्ज्ञांनी २०२३ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. इतक्या कमी घनतेच्या गाठीत फिओक्रोमोसायटोमाची शंका धरण्याचेही सहसा कारण उरत नाही. सुरुवातीच्या अहवालातल्या त्या ६ या आकड्याचा अर्थ हा असा आहे. घरात ज्या रात्री कोणी झोपले नाही, त्याच रात्री उत्तर कागदावर छापलेले होते.

तरीही हा आकडा म्हणजे सर्वज्ञ नव्हे. निरुपद्रवी गाठींपैकी सुमारे एक तृतीयांश गाठींत चरबी कमी असते आणि त्यांचा आकडा १० च्या वर जातो. तेव्हा १० च्या वर म्हणजे कर्करोग, असे समजून घाबरण्याचे कारण नाही. अधिक तपासण्या हव्यात, इतकाच त्याचा अर्थ. शिवाय गाठ कोणते संप्रेरक सोडते, हे घनता सांगत नाही. ते रक्त आणि लघवीच्या तपासणीतूनच कळते. कमी घनतेची गाठही कॉर्टिसोल जास्त बनवत असू शकते. रक्तदाब वाढवणाऱ्या अल्डोस्टेरॉनच्या विकारात तर स्कॅन कधी कधी फसवतो. गाठ डावीकडे दिसते आणि संप्रेरक उजवीकडून पाझरत असते. अशा वेळी दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून स्वतंत्र रक्त घेऊन पाहिल्याखेरीज ग्रंथी काढली, तर चांगली ग्रंथी जाते आणि आजार तसाच राहतो. फिओक्रोमोसायटोमाचे निदान आधी रसायनाने व्हावे, जागा नंतर स्कॅनने ठरावी आणि रक्तदाब काबूत ठेवणारी औषधे एक-दोन आठवडे देऊन मगच रुग्णाला टेबलावर घ्यावे, हा क्रम त्यातूनच रुळला. शरीरात इतरत्र पसरलेल्या गाठींसाठी किरणोत्सारी द्रव्यांचे आणि पेट स्कॅनसारखे उपाय पुढे आले. हाऊन्सफिल्ड यांच्या मापाने या साऱ्यांची जागा घेतलेली नाही, पण ते बाजूला ठेवून कोणालाही पुढे जाता येत नाही.

१९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हाऊन्सफिल्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना विभागून मिळाले. कॉर्मॅक हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ. केपटाऊनच्या एका रुग्णालयात काम करताना त्यांना हाच प्रश्न पडला होता आणि त्याचे गणित त्यांनी १९६३ व १९६४ मध्ये प्रसिद्धही केले होते. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. योहान राडॉन या गणितज्ञाने तर मूळ सूत्र १९१७ मध्येच मांडले होते. हाऊन्सफिल्ड यांनी आपली वाट यांपैकी कोणाचाही आधार न घेता शोधली. वैद्यकाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या या दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता आणि दोघांपैकी कोणाकडे पीएच. डी. ही नव्हती.

कंपनीचे नशीब मात्र उलटे फिरले. आरंभी जगभरातून मागणीचा लोंढा आला. पण अमेरिकी आणि अन्य मोठ्या कंपन्या अधिक वेगवान यंत्रे घेऊन बाजारात उतरल्या. ईएमआयची आर्थिक घडी विस्कटली, १९७९ मध्ये ती दुसऱ्या उद्योगसमूहात विलीन झाली आणि लवकरच स्कॅनरच्या व्यवसायातून बाहेर पडली. ज्या संस्थेने यंत्र जन्माला घातले, तिच्या हाती ते राहिले नाही. हाऊन्सफिल्ड यांनी त्याचा फारसा खेद केला असे दिसत नाही. त्यांचे लक्ष पुढील प्रश्नांकडे वळले होते. चुंबकीय लहरींनी चित्र काढण्याच्या, म्हणजे एमआरआयच्या कामातही त्यांनी भाग घेतला.

१९८१ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. राहणीत त्यामुळे काही फरक पडला नाही. त्यांनी लग्न केले नाही. डोंगरदऱ्यांतून भटकणे, पियानो वाजवणे आणि काम, एवढ्यात त्यांचे समाधान होते. स्वतःचे घर घेण्याचीही त्यांना बराच काळ निकड वाटली नाही. नोबेलच्या रकमेतून घरी एक प्रयोगशाळा उभारण्याचे त्यांच्या मनात आले, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. १२ ऑगस्ट २००४ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कर्तबगार माणसांच्या स्मृती पुतळ्यांत आणि रस्त्यांच्या नावांत जपल्या जातात. हाऊन्सफिल्ड यांची स्मृती त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. मुंबईतल्या रुग्णालयात असो की नागपूरच्या, क्ष-किरणतज्ज्ञ संगणकाच्या पडद्यावरील एका करड्या ठिपक्यावर छोटे वर्तुळ काढतो आणि बाजूला एक आकडा उमटतो. त्या आकड्यावरून एखाद्याची शस्त्रक्रिया टळते, तर एखाद्याची वेळीच ठरते. अहवाल हाती आला म्हणजे त्यातला 'गाठ' हा शब्द वाचून थांबू नये. पुढचा आकडा वाचावा, तो कोणत्या स्कॅनमधला आहे हे डॉक्टरांना विचारावे, आणि संप्रेरकांच्या तपासण्या झाल्या का, हेही विचारावे. शेतावरच्या गवताच्या गंजीवरून उडी घेणाऱ्या त्या मुलाने आपल्याला दिलेले हे माप आहे. ते वाचता येणे आपल्याच हिताचे आहे.